होय किंवा नाही, पण वेळेत : निर्वासित व्यावसायिक फायटर्ससाठी मागणीपत्र

प्रति,
गृह मंत्रालय, भारत सरकार
युवक कार्यक्रम व क्रीडा मंत्रालय, भारत सरकार
क्रीडा विभाग, महाराष्ट्र शासन
आणि राज्यात मिक्स मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणारे सर्व आयोजक

विषय : आश्रयाला आलेल्या खेळाडूंचा वास्तव्य, रोजगार, प्रवास आणि वैद्यकीय सुरक्षितता यांबाबत

महोदय,

राज्यातल्या मिक्स मार्शल आर्ट्सच्या (एमएमए) जिम, प्रशिक्षक, रेफ्री, कॉर्नरमन आणि फायटर यांच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र सादर करत आहोत. यात आमच्या मानधनाचा, मैदानांचा किंवा अनुदानाचा विषय नाही. आमच्याबरोबर त्याच मॅटवर घाम गाळणाऱ्या, पण कोणत्याच देशाला आज आपला म्हणता न येणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिले आहे. पुण्यात शिकायला आलेले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेल्यावर परतीची वाट बंद झालेले अफगाण विद्यार्थी त्यांत आहेत. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळच्या नॉर्गेलिंग वसाहतीत वाढलेली, हिवाळ्यात आईवडिलांबरोबर स्वेटरच्या दुकानावर बसणारी तिबेटी मुले आहेत. म्यानमार सोडून आलेल्या कुटुंबांतले काही जण आहेत.

आमची तक्रार नकाराची नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. नकार मिळाला असता तर त्याविरुद्ध दाद मागितली असती. या मुलांच्या अर्जांना होकार मिळत नाही, नकारही मिळत नाही. अर्ज प्रलंबित राहतो. शिक्षक, कारकून किंवा दुकानदार दोन वर्षे कशीबशी काढू शकतो. फायटरची लढण्याची उमेद आणि ताकद विशीत आणि तिशीच्या पूर्वार्धात असते. त्यातली दोन-तीन वर्षे कागदाची वाट पाहण्यात गेली की कारकीर्द संपते, आणि ती संपवण्याचा निर्णय कोणीही घेतलेला नसतो.

असे एक प्रकरण आमच्या सभासदांनी जवळून पाहिले. फेदरवेट गटातला एक अफगाण मुलगा. लढतीच्या आदल्या दिवशी वजन. ६५.८ किलोच्या आत यायला हवे होते. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मीठ घातलेल्या कढत पाण्याच्या टबात बसायचे, बाहेर आले की टॉवेलांत गुंडाळून घ्यायचे, पुन्हा टबात. सकाळी तो काट्यावर चढला तेव्हा गाल आत गेले होते आणि ओठांवर पापुद्रे आले होते. काटा ६५.७ वर थांबला. त्याने हात वर केले. खाली उतरून कॉर्नरमनने पुढे केलेली पाण्याची बाटली तोंडाला लावणार, तेवढ्यात आयोजकांच्या माणसाने वास्तव्याचा मूळ परवाना मागितला. परवान्याची मुदत सरली होती. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीआधीच केलेला होता आणि त्याची पोच मोबाइलवर होती. ती चालणार नाही असे सांगण्यात आले. संध्याकाळपर्यंत त्याच्या जागी दुसरा फायटर आणला गेला. मानधन नाही, प्रवासखर्च नाही. तीन महिन्यांचा सराव आणि हॉटेलातल्या नोकरीतून घेतलेली बिनपगारी रजा, दोन्ही वाया गेले. त्या माणसाला आम्ही दोष देत नाही. मुदत संपलेला परवाना असलेल्या परदेशी नागरिकाला लढवल्याबद्दल उद्या त्याच्यावरच कारवाई झाली असती. दोष आहे तो पोचेला काहीच किंमत नसण्यात.

हा खेळ अनेकांना नीट ठाऊक नसल्याने थोडे त्याबद्दल. कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदो, मुआय थाय आणि जिउ-जित्सू या विद्या एकत्र येऊन नियमांत बांधलेले हे द्वंद्व आहे. पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, अजिंक्यपदासाठी पाच. आपल्याकडे २०१२ मध्ये मुंबईत सुपर फाइट लीगने त्याचा मोठा व्यावसायिक मंच उभा केला, २०१९ पासून मॅट्रिक्स फाइट नाइट सुरू झाली. २०१७ मध्ये भरत खंडारे यूएफसी या अमेरिकी व्यावसायिक मंचाच्या केजमध्ये उतरला आणि २०२४ मध्ये पूजा तोमरने तिथे लढत जिंकली. खेळ वाढतो आहे. त्याचे नियमन मात्र त्या वेगाने वाढलेले नाही, आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका ज्याच्यामागे देश नाही त्याला बसतो.

निर्वासित मुले याच खेळाकडे का वळतात, याचे कारण साधे आहे. राज्य, राष्ट्र, आशिया अशा पायऱ्यांच्या खेळात एका टप्प्यावर नागरिकत्व विचारले जाते आणि तिथे ही मुले थांबतात. व्यावसायिक लढतीत माणूस स्वतःच्या नावाने लढतो. जिमच्या दारात कोणी पासपोर्ट विचारत नाही. एक जोडी ग्लव्ह्ज, माउथगार्ड आणि स्पारिंगला उभा राहणारा जोडीदार एवढ्यावर सुरुवात होते. ज्याचे सगळे मागे राहिले, त्याच्याकडे शरीर आणि सहनशक्ती शिल्लक असते. या खेळात त्याला थेट मोल आहे.

जगात हे वारंवार घडले आहे. सायगाव पडायला काही दिवस उरले असताना, १९७५ मध्ये, आईबरोबर व्हिएतनाममधून बाहेर काढलेले तीन वर्षांचे पोर म्हणजे कुंग ली. तो कॅलिफोर्नियात वाढला आणि २००८ मध्ये फ्रँक शॅमरॉकला हरवून स्ट्राइकफोर्स या मंचाचा मिडलवेट विजेता झाला. केर्मानशाहच्या कुर्द कुटुंबातला मकवान अमिरखानी लहानपणी फिनलंडला पोचला. २०१५ मध्ये यूएफसीतली पहिली लढत त्याने आठ सेकंदांत संपवली. दागेस्तानातून बाराव्या वर्षी वडिलांबरोबर ब्रिटनला आलेला मुहम्मद मोकाएव विगनच्या जिममध्ये घडला, ज्युनिअर गटात दोनदा जगज्जेता झाला आणि मार्च २०२२ मध्ये लंडनला यूएफसीतली पहिली लढत त्याने अठ्ठावन्न सेकंदांत जिंकली. कॅमेरूनमधल्या वाळूच्या खाणीत राबलेला फ्रान्सिस एन्गानू कायद्याच्या व्याख्येने निर्वासित नव्हता, पण वाळवंट आणि समुद्र ओलांडून २०१३ मध्ये पॅरिसला पोचला तेव्हा झोपायला जागा नव्हती. एका जिमने दार उघडले. २०२१ मध्ये तो यूएफसीचा हेवीवेट विजेता होता.

या सगळ्यांकडे गुण होते, तसे गुण आमच्या काही मुलांकडेही आहेत. फरक आहे तो एवढाच, की त्यांना कुठल्या तरी सरकारने केव्हा तरी उत्तर दिले.

ब्रिटनमधल्या सिंडी एन्गाम्बाचे उदाहरण आम्हांला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. ती बॉक्सर आहे, एमएमएची नव्हे, पण प्रश्न तोच आहे. कॅमेरूनहून अकराव्या वर्षी आलेली ही मुलगी बोल्टनच्या क्लबमध्ये बॉक्सिंग शिकली, इंग्लंडची राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली, तरी कागद नव्हते. नियमित हजेरी द्यायला गेली असताना एकदा तिला अटक करून स्थानबद्धता केंद्रात नेण्यात आले. मायदेशी परत पाठवले तर ती समलिंगी असल्यामुळे तिथे तुरुंगवासाचा धोका होता. त्या कारणावर तिला अखेर आश्रय मिळाला. ब्रिटिश पासपोर्ट नसल्याने ती ब्रिटनकडून खेळू शकत नव्हती, तरी ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाने तिला आपल्या केंद्रात सराव करू दिला. २०२४ मध्ये पॅरिसला तिने ७५ किलो गटात कांस्य जिंकले आणि ते निर्वासितांच्या ऑलिंपिक संघाचे पहिले पदक ठरले. पुढच्याच वर्षी ती व्यावसायिक झाली. नागरिकत्व न देताही एका देशाला इतके करता आले. आम्ही त्याहून जास्त मागत नाही.

निर्वासितांचा तो संघ २०१६ मध्ये रिओला पहिल्यांदा उतरला, तेव्हा त्यात दहा खेळाडू होते. त्यांतला काँगोचा ज्युदोपटू पोपोल मिसेंगा २०१३ च्या जागतिक स्पर्धेसाठी रिओला आला होता. आपल्याच प्रशिक्षकांनी पासपोर्ट आणि जेवणाचे पैसे ताब्यात ठेवल्याचे त्याने सांगितले आहे. तो संघ सोडून निघाला आणि ब्राझीलने त्याला आश्रय दिला. तीन वर्षांनी ऑलिंपिकच्या पहिल्याच फेरीत त्याने ज्याला हरवले तो भारताचा अवतार सिंग होता. ती लढत पाहिलेल्या कोणाही भारतीयाला निर्वासित खेळाडू म्हणजे दयेचा विषय वाटणार नाही.

आणि आपला मिल्खा सिंग? फाळणीत आईवडील डोळ्यांदेखत गेले, दिल्लीत पुराना किल्ल्याच्या छावणीत दिवस काढले, विनातिकीट प्रवासासाठी तुरुंग पाहिला, तीन वेळा नाकारला गेल्यावर चौथ्या खेपेला लष्कराने घेतला. १९५८ मध्ये कार्डिफच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, १९६० मध्ये रोम ऑलिंपिकमध्ये चौथा. फाळणीत आलेल्यांना नागरिकत्व देण्याची तरतूद राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदातच होती. म्हणून मिल्खाला धावताना कोणी परवान्याची तारीख विचारली नाही.

महाराष्ट्रालाही आश्रय देण्याची सवय जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात सैबेरियाच्या छावण्यांतून सुटून आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. ज्या कोल्हापूरच्या तालमींत शाहू महाराजांच्या काळापासून दूरदूरचे मल्ल खुराकासह ठेवून घेतले गेले, त्या मातीतल्या वस्तादांना परक्या मुलाला शिकवणे नवे नाही. आमच्यातले निम्मे प्रशिक्षक तालमीतूनच आले आहेत.

आता कायद्याकडे वळतो.

१९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर आणि १९६७ च्या पूरक करारावर भारताची सही नाही. देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन व परदेशी नागरिक कायद्याने चार जुने कायदे रद्द केले, त्यांत १९४६ चा परदेशी नागरिक कायदाही होता. सोबतच्या आदेशाने तिबेटी, श्रीलंकेतील तमिळ आणि शेजारच्या तीन देशांतले अल्पसंख्य अशा काही समूहांना विशिष्ट अटींवर सूट मिळाली. काबूलचा मुस्लिम मुलगा किंवा म्यानमारचा चिन अथवा रोहिंग्या मुलगा त्यात बसत नाही. त्यांच्यासाठी उरते ती संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांच्या दिल्ली कार्यालयाची नोंदणी आणि केंद्राने डिसेंबर २०११ मध्ये ठरवलेली दीर्घ मुदतीच्या व्हिसाची कार्यपद्धती. या व्हिसावर खासगी क्षेत्रात नोकरी करता येते आणि शिकता येते. म्हणजे दार आहे. ते उघडायला किती दिवस लागावेत, एवढे कोणी ठरवलेले नाही.

नागरिक नसलेल्या माणसाच्याही जीविताचे आणि स्वातंत्र्याचे रक्षण राज्यघटनेचा एकविसावा अनुच्छेद करतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. आमच्या मागण्या त्या आधारावर उभ्या आहेत.

पहिली आणि मुख्य मागणी : उत्तराला मुदत ठरवा. निर्वासित म्हणून नोंद असलेल्या खेळाडूने दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी, नूतनीकरणासाठी किंवा बाहेरगावी जाण्याच्या परवानगीसाठी केलेल्या अर्जावर ४५ दिवसांत लेखी निर्णय मिळावा. नकार असेल तर कारण द्यावे. निर्णय होईपर्यंत मुदतीत केलेल्या अर्जाची पोच हाच वैध परवाना मानावा, आणि तसे पोचेवरच छापावे, म्हणजे वजनाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला शंका राहणार नाही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा करून अधिसूचित सेवांना कालमर्यादा घातली. वास्तव्याचा प्रश्न केंद्राच्या अखत्यारीत असल्याने तो कायदा इथे लागू होत नाही, हे आम्हांला माहीत आहे. तत्त्व तेच लागू करा, एवढेच म्हणणे आहे. सुरक्षिततेची पडताळणी कसून करा, आमची हरकत नाही. आमच्या जिमचे हजेरीपट, पत्ते, सगळे खुले आहे.

दुसरी : व्यावसायिक लढत, प्रशिक्षकाचे काम आणि खेळाशी संबंधित जाहिरात ही दीर्घ मुदतीच्या व्हिसावरची खासगी नोकरीच आहे, असा खुलासा गृह मंत्रालयाने परिपत्रकाने करावा. आज आयोजकांचे वकील दोन्ही बाजूंनी मत देतात आणि शंका असली की मुलाला लढतींच्या यादीतून काढतात.

तिसरी मागणी प्रवासाची. व्यावसायिक लढतीचे बोलावणे पुष्कळदा दोन-तीन आठवडे आधी येते. समोरच्याला दुखापत झाली, बदली हवा, तयार असाल तर या. नव्या फायटरचे नाव अशाच संधीत होते. तिबेटी मुलांना ओळख प्रमाणपत्राची पिवळी पुस्तिका मिळते, तिलाही बराच वेळ लागतो, आणि अनेक देशांच्या वकिलाती ती पाहून आणखी कागद मागतात. इतरांकडे तेवढेही नाही. ज्या खेळाडूचे करारपत्र, लढतीची तारीख आणि परतीचे तिकीट हाती आहे त्याला एका लढतीपुरते प्रवासाचे कागद आणि भारतात परत येण्याची लेखी हमी पंधरा दिवसांत मिळावी. परत येण्याची हमी नसेल तर तो जाणारच नाही, कारण तिकडे अडकला तर दुसऱ्यांदा बेघर होईल.

तिबेटी खेळाडूंबाबत एक गोष्ट वेगळी नोंदवतो. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्मानेच भारतीय नागरिक आहेत, हे दिल्ली उच्च न्यायालयाने मान्य केले आणि २०१७ मध्ये त्यांना पासपोर्ट देण्याचे निर्देश पारपत्र कार्यालयांना गेले. निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र १ जुलै १९८७ च्या आधी जन्मलेला माणूस आज अडतिशीच्या पुढे आहे. लढण्याच्या वयातला तिबेटी मुलगा या तारखांत बसत नाही. त्याचा जन्म गोठणगावचा, शाळा इथली, मराठी आमच्याइतकी सराईत, आणि तरी तो दर काही वर्षांनी परदेशी म्हणून नोंद करतो. नागरिकत्वाचा कायदा बदलणे आमच्या संघटनेच्या आवाक्यातले नाही. ओळख प्रमाणपत्र ३० दिवसांत देणे सरकारच्या आवाक्यात नक्की आहे.

यानंतरची मागणी जीव वाचवण्याची आहे आणि ती राज्याच्या क्रीडा विभागाकडे व आयोजकांकडे आहे.

अमेरिकेत राज्याराज्यांत कायद्याने स्थापन झालेली क्रीडा आयोगांची यंत्रणा आहे. बेशुद्ध पडलेल्या फायटरला तिथे ठरावीक दिवस लढण्यास मनाई होते, ती मनाई नोंदवली जाते आणि दुसऱ्या राज्यातला आयोजक ती पाहू शकतो. आपल्याकडे एमएमएसाठी असा वैधानिक आयोग नाही. नागरिक असलेल्या फायटरच्या मागे घर असते, आई असते, 'या महिन्यात नाही' म्हणणारा भाऊ असतो. निर्वासित मुलाला खोलीचे भाडे द्यायचे असते आणि त्याला नाही म्हणता येत नाही, हे आयोजकांना कळते. मग त्यालाच चार दिवसांच्या सूचनेवर बोलावले जाते, दहा किलो जड प्रतिस्पर्ध्यासमोर उभे केले जाते, डोक्याला मार बसून महिना उलटायच्या आत दुसऱ्या शहरात नावाचे स्पेलिंग बदलून लढवले जाते. आमच्या पाहण्यात असे प्रकार आले आहेत. डोक्याला दुसरा मार पहिला भरून निघण्याआधी बसला तर तो जिवावर बेतू शकतो. हे कोणत्याही न्यूरोसर्जनला विचारा.

म्हणून क्रीडा विभागाने लढतींची एक सार्वजनिक नोंदवही सुरू करावी. तीत प्रत्येक फायटरचा एकच क्रमांक, छायाचित्र, लढतींचे निकाल आणि वैद्यकीय मनाईची तारीख असावी. हा क्रमांक निर्वासित नोंदणीच्या कागदावरही मिळावा, आधार कार्डाची सक्ती नको. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी यांच्या रक्तचाचण्या, डोळ्यांची तपासणी आणि बेशुद्ध पडल्यास मेंदूचे स्कॅन शासकीय रुग्णालयात नागरिकांना लागणाऱ्या दरातच व्हावे. लढतीच्या दिवसाचा अपघात विमा आयोजकाने काढावा आणि त्यात परदेशी नागरिकत्व हे वगळण्याचे कारण असू नये. विम्याशिवाय आणि रुग्णवाहिकेशिवाय लढत भरवायला परवानगीच देऊ नये. ही अट सगळ्यांसाठी हवी.

आयोजकांना आमचे थेट सांगणे आहे. करार फायटरला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवा. दरी, पश्तू, तिबेटी किंवा बर्मी जाणणारा माणूस जिममध्ये मिळतो. मूळ कागद कोणत्याही कारणाने ताब्यात ठेवू नका, मिसेंगाचे उदाहरण वर दिलेच आहे. मानधन रोखीने, नोंद न करता देऊ नका. जो वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिला तो आयकराच्या दृष्टीने निवासी धरला जातो, त्याला परदेशातून पाहुणा आलेला खेळाडू समजून वीस टक्के आणि वर अधिभार असा कर कापू नका.

आणि पोस्टर. ही गोष्ट लहान वाटेल, पण ती तशी नाही. देश विरुद्ध देश अशी भडक जाहिरात तिकिटे विकते, म्हणून निर्वासित फायटरला त्याने सोडलेल्या देशाच्या झेंड्यात गुंडाळून उभे केले जाते. ज्या राजवटीपासून तो पळाला तिचाच प्रतिनिधी म्हणून त्याच्यावर शिव्यांचा पाऊस पडतो. शिवाय त्याचे पूर्ण नाव, गाव, वडिलांचे नाव समाजमाध्यमांवर जाते. तालिबानने ऑगस्ट २०२४ मध्ये अफगाणिस्तानात मिक्स मार्शल आर्ट्सवरच बंदी घातली आणि मुलींचे सगळे खेळ तर २०२१ पासून बंद आहेत. इथल्या केजमध्ये उभ्या राहिलेल्या मुलीचा फोटो तिथे राहिलेल्या बहिणीच्या दारापर्यंत पोचू शकतो. फायटरने कोणत्या नावाने आणि कोणत्या झेंड्याखाली किंवा झेंड्याशिवाय उतरायचे, हे त्याच्या किंवा तिच्या लेखी संमतीनेच ठरावे. आमच्या सरावात येणाऱ्या मुलींपैकी काहींनी याच एका कारणाने लढती नाकारल्या आहेत. त्यांतली एक आमच्या मते तिच्या वजनगटात राज्यातली सर्वांत चांगली ग्रॅपलर आहे.

राज्य पातळीवरच्या हौशी स्पर्धांत या मुलांसाठी खुला गट ठेवावा. २०२६ च्या आयची-नागोया आशियाई खेळांत एमएमए आल्यावर निवड चाचण्या कडक होतील, आणि त्या भारतीय पासपोर्टधारकांसाठीच असाव्यात हे आम्हांला मान्य आहे. तिरंगा आम्ही मागत नाही. निवड झालेल्या भारतीय मुलांना स्पारिंगला तगडे जोडीदार लागतात आणि ते आमच्या जिममध्ये आहेत.

संघटना म्हणून आम्हीही बांधिलकी घेतो. सभासद जिम निर्वासित खेळाडूकडून प्रवेशशुल्क घेणार नाही आणि त्याच्या मानधनातला व्यवस्थापकाचा वाटा इतरांहून जास्त ठेवणार नाही. डोक्याला मार बसलेल्याला डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय स्पारिंगलाही उभे करणार नाही. जी जिम हे मोडेल तिचे सभासदत्व रद्द होईल आणि ते नाव आम्ही जाहीर करू. आयोजकांकडे बोट दाखवण्याआधी, आमच्या घरातही असे प्रकार झाले आहेत हे आमच्या सर्वसाधारण सभेत मोकळेपणाने मांडले गेले आणि हा ठराव एकमताने झाला.

गृह मंत्रालय आणि क्रीडा विभाग यांनी एकत्र बैठक बोलवावी, अशी विनंती आहे. बैठकीला आम्ही खेळाडूंना, त्यांच्या संमतीने आणि नावे गुप्त ठेवण्याच्या हमीवर, घेऊन येऊ. त्यांचे अर्ज क्रमांक, पोचेच्या तारखा आणि वैद्यकीय अहवाल तयार आहेत. या मागणीपत्राचे लेखी उत्तर द्यावे. एखादी मागणी मान्य होण्यासारखी नसेल तर तसे कारणासह कळवावे, म्हणजे संबंधित मुलांना पुढची दाद मागता येईल.

आपले,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य